सैल पट्टे

शहराच्या तरणतलावात शिरलं की डाव्या भिंतीवर एक पाटी दिसते. 'बुडणाऱ्याला हात देऊ नये, काठी द्यावी.' अक्षर सरांचं. निळ्या रंगात, जाड कुंचल्याने, दर दोन वर्षांनी त्यांनी स्वतः गिरवलेलं. अंघोळ करून उतरा, काठावर पळू नका, असल्या बाकीच्या सूचना कुठल्याशा पेंटरने लिहिल्यात आणि त्या कोणी वाचत नाही. सरांची पाटी मात्र पाठच असावी लागते. शिकायला आलेला माणूस सहा वर्षांचा असो की साठ, ते वाक्य मोठ्याने म्हणून दाखवल्याशिवाय सर त्याला पाण्यात पाऊल टाकू देत नाहीत.

"बुडणारा माणूस माणूस राहत नाही," सर सांगतात. "तो तुमचा बाप असेल, भाऊ असेल, जिवाभावाचा मित्र असेल. त्याला तुम्ही दिसत नाही, त्याला शिडी दिसते. तो तुमच्या अंगावर चढणार. म्हणून त्याच्या हाताच्या टप्प्यात जायचं नाही. लांबून काठी द्यायची." मग वर्गातला सगळ्यात जाडा गडी पुढे बोलावून सर त्याला बुडण्याचं सोंग करायला लावतात, स्वतः काठावरची लांब ॲल्युमिनियमची काठी पुढे करतात, आणि सगळे पोट धरून हसतात. हे सव्वीस वर्षं चाललंय. विनोदही तोच आहे.

सर म्हणजे तलावावरचे पोहणं शिकवणारे मास्तर. त्यांना नाव आहे, ओळखपत्रावर छापलेलंही आहे, पण घरच्या माणसांखेरीज सगळं शहर त्यांना सर म्हणतं. ज्या डॉक्टरकडे ते गुडघा दाखवायला जातात, त्याने लहानपणी त्यांच्याच तळहातावर पालथं पडून पाण्यात बुडबुडे सोडले होते. तो अजून सरांना बघितलं की पोट आत घेतो. सर पंचावन्नचे, रुंद छातीचे, गळ्यात शिट्टी. कपड्यांना कायम तलावाच्या औषधाचा वास. "पाणी मला ओळखतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. आता खरं सांगायचं तर त्यांच्या ओळखीचं पाणी चार भिंतींतलं होतं. खोली जास्तीत जास्त आठ फूट, तळाला फरशी, चारही कोपऱ्यांना आकडे लिहिलेले. कुठेही न जाणारं पाणी. वाहत्या नदीत सरांनी काठावर बसून पाय सोडण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं, आणि त्यात काही कमी आहे असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांना जरा बोचायची. त्यांच्या बायकोला पोहता येत नव्हतं.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायचा, कानामागची काडी गरम करून वाकवायची, बारीक स्क्रू पिळायचे, आणि "आता बघा, टोचतोय का" असं विचारायचं. हात फार हलका. तिला स्वतःला मोठा नंबर होता. चष्मा काढला की समोरचं माणूस म्हणजे नुसता रंगाचा डाग. लग्न झालं त्या वर्षी सर म्हणाले होते, "या उन्हाळ्यात तुला शिकवतो." मग मुलगा झाला, शाळेत गेला, शिकून परगावी नोकरीला लागला, तरी तो उन्हाळा काही उजाडला नाही. दोनदा तिला पाण्यात उतरवलं होतं. दोन्ही वेळा ती कठडा सोडेना, आणि सर पाच मिनिटांत वैतागले. अख्ख्या शहराच्या भित्र्या पोरांसाठी त्यांच्याकडे ढीगभर सबुरी होती, बायकोच्या वाट्याला त्यातली चिमूटभर आली नाही. असं पुष्कळ घरांत असतं, म्हणून कोणी ते मनावर घेतलं नाही. घरात त्याची थट्टाच व्हायची, आणि थट्टा करण्यात सगळ्यात पुढे तिचा धाकटा भाऊ.

हा मेहुणा फरशा विकायचा. तोंडाचा पट्टा असा की गिऱ्हाईक न्हाणीघरासाठी आलं तर जिन्याच्याही फरशा घेऊन जायचं. बहिणीला पन्नास पूर्ण झाली तेव्हा त्याने परस्पर तीन दिवसांची सहल ठरवून टाकली. डोंगरातली नदी, तंबूत मुक्काम, आणि रबरी नावेतून उसळत्या पाण्यात राफ्टिंग.

"मला पोहता येत नाही रे," ती म्हणाली.

"ताई, तुला कशाला पोहता यायला हवं? भाऊजी आहेत ना. दुसऱ्यांना भाड्याने गाईड घ्यावा लागतो, तू तर घरचाच घेऊन चाललीस."

ती सरांकडे बघून हसली. "तुम्ही आहात म्हणून हो," म्हणाली. सरांची छाती फुगली हे सांगायला नकोच.

नदीकाठी पोचल्यावर जी गाईड म्हणून आली ती पंचविशीतली, काटक, उन्हाने रापलेली मुलगी होती. नाकावर पांढरं मलम थापलेलं. तिने सगळ्यांना वाळूवर उभं केलं आणि सांगायला सुरुवात केली. नाव उलटली तर पोहायला जायचं नाही. उभं राहायचा प्रयत्न तर अजिबात करायचा नाही. पाठीवर पडायचं, पाय वर, पावलं प्रवाहाच्या दिशेला, आणि जॅकेटवर भरवसा ठेवून वाहत राहायचं. दोरी येईल, ती धरायची.

सर ऐकत होते का? नव्हते. ते मेहुण्याला हळू आवाजात सांगत होते की पाठीवर तरंगताना मान कुठे ठेवायची असते, हे ही मुलगी सांगायला विसरली. आयुष्यभर शिट्टी वाजवलेल्या माणसाला दुसऱ्याची शिट्टी ऐकू येत नाही. मुलगी एकदा थांबून म्हणाली, "काका, इकडे लक्ष द्या." मेहुण्याने लगेच, "अहो, ते पोहण्याचे सर आहेत," असं जाहीर केलं. मुलगी अदबीने हसली आणि म्हणाली, "मग तर बरंच झालं सर. पण नदीला ते माहीत नाही."

मग तिने एकेकाचं लाइफ जॅकेट आवळलं. पुढचे तीन बकल, बाजूचे दोन पट्टे. प्रत्येक पट्टा कचकन ओढायची, मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर खेचून बघायची. हललं नाही म्हणजे ठीक. सरांचंही हललं नाही. पण सरांचा श्वास कोंडला, आणि श्वासापेक्षा जास्त कोंडला तो अभिमान. सव्वीस वर्षांत त्यांनी अंगावर तरंगायचं साधन चढवलं नव्हतं. तलावावर असली जॅकेटं पहिल्या आठवड्यातल्या पोरांना मिळतात. हात फिरवून बघितला तर खांदा अडत होता. गाईड पुढे गेली, बायको चष्म्याची दोरी डोक्यामागे बांधण्यात गुंतली, आणि सरांनी खाली बघत, खाजवल्यासारखं करत, बाजूचे दोन्ही पट्टे चार बोटं मावतील इतके सैल केले. मग खालचं बकलही उघडलं. कोणी बघितलं नाही.

पहिल्या दोन रॅपिड मजेत गेल्या. रॅपिड म्हणजे नदीचा खवळलेला टप्पा, दगडांवरून पाणी फेसाळत खाली पडतं तो. तिसरीच्या आधी गाईड म्हणाली, "हिचं नाव सासूबाई. लांबून शांत दिसतात." सगळे हसले. बायको सरांच्या शेजारी, त्यांच्या डाव्या हाताला बसली होती. तिने वल्हं घट्ट धरलं होतं, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. हे आहेत शेजारी, मग झालं, असा तो चेहरा होता. सरांना पुढे कितीतरी दिवस तो चेहरा आठवत राहिला.

सासूबाईंनी नाव आडवी धरली आणि उलटी केली. पापणी लवायच्या आत.

पाणी थंड असणार हे सरांना ठाऊक होतं, पण ते असं ओढणारं असेल हे ठाऊक नव्हतं. हे पाणी थांबायला तयारच नव्हतं. शरीराने जे सव्वीस वर्षं केलं तेच केलं: पाय खाली सोडले, तळ शोधायला. तळ नव्हता. सैल जॅकेट खालून वर सरकलं आणि त्यांच्या तोंडावर आलं. हात काखेपाशी जॅकेटात अडकले. डोळ्यांपुढे नारिंगी कापड, नाकातोंडात पाणी, आणि डोक्यात एकही विचार नाही. पोहण्याचे सर म्हणून जो कोणी होता तो त्या क्षणी नदीत विरघळून गेला. हाताला काहीतरी लागलं, तरंगणारं, पक्कं. त्यांनी ते धरलं, खाली दाबलं आणि त्याच्यावर चढले. गुडघा रोवला. तोंड बाहेर आलं, हवा मिळाली. गुडघ्याखालचं ते धडपडत होतं. त्यांनी आणखी जोर केला.

दुसरा श्वास घेतल्यावर त्यांना ते हेल्मेट दिसलं. पिवळं. सकाळी त्यांनीच बायकोच्या हनुवटीखाली त्याचा पट्टा लावून दिला होता.

हे कळल्यावर त्यांनी गुडघा काढला का? हाच प्रश्न पुढे त्यांना छळत राहिला. लगेच नाही काढला. एक श्वास आणखी घेतला. कोणी घड्याळ लावलं असतं तर तीन सेकंद भरली नसती, पण सरांना माहीत होतं की त्या तीन सेकंदांत आपल्याला सगळं दिसत होतं आणि तरीही आपण वरच होतो.

मग गाईडने फेकलेली दोरीची पिशवी सप्पकन त्यांच्या खांद्यावर आदळली. एका हाताने त्यांनी दोरी धरली. दुसरा हात बायकोच्या जॅकेटच्या खांद्याला तसाच चिकटलेला होता, सोडायचंही भान नव्हतं म्हणून. उलट्या नावेवर चढलेल्या गाईडने दोघांना एकदमच ओढून घेतलं. काठावर आणल्यावर बायको खोकत खोकत पाणी ओकली. चष्मा गेला होता. ती अंदाजाने हात फिरवत विचारत होती, "अहो, तुम्ही ठीक आहात ना?"

पलीकडच्या खडकावर कंपनीचा फोटो काढणारा बसला होता. त्याने अंगठा वर केला.

गाईड सरांचं जॅकेट उतरवायला आली. बाजूच्या पट्ट्यांवर तिची बोटं थांबली. उघड्या बकलाकडे बघून ती हळूच म्हणाली, "सर, हे मी ओढून बसवले होते."

"सुटले असतील," सर म्हणाले.

तिने पट्टे तसेच सैल धरून एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि जॅकेट ढिगावर टाकलं. त्या ओल्या मुलीच्या नजरेपुढे सरांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात मेहुणा धावत आला, त्याने भाऊजींना मिठी मारली, आणि खरं बोलायची जी एक फट होती ती बुजली.

"मी बघितलं, डोळ्यांनी बघितलं," मेहुणा सगळ्यांना सांगत सुटला. "स्वतःच्या नाकातोंडात पाणी चाललंय, पण ताईला सोडलं नाही. एका हातात दोरी, एका हातात ताई." दुपारपर्यंत ही गोष्ट तंबूतंबूंतून फिरून आली. अनोळखी माणसं येऊन सरांचा हात हातात घेत होती. सर "अहो, नाही हो" म्हणायचे, आणि लोक म्हणायचे, बघा, किती साधा माणूस.

संध्याकाळी तंबूबाहेर दोघंच बसले असताना बायको म्हणाली, "मला काही दिसत नव्हतं. चष्मा नाही, नुसतं हिरवं आणि पांढरं. पण खांद्यावर तुमचे हात लागले ना, ते मी ओळखले. मग मी घाबरलेच नाही. म्हटलं, आता काही होत नाही. खाली गेले तरी वाटलं, हे काहीतरी करतायत, यांना माहीत असेल कसं काढायचं ते. म्हणून मी हातपाय मारणंही थांबवलं."

सरांनी चहाचा पेला खाली ठेवला. तोंड उघडलं होतं त्यांनी. पण ती त्यांच्या खांद्याला टेकली, आणि तिच्या गळपट्टीखाली खांद्यावर चार काळेनिळे ठसे त्यांना दिसले. बोटांचे. ती त्या ठशांवरून हात फिरवत म्हणाली, "किती घट्ट धरलं होतं हो." सरांनी पेला पुन्हा उचलला. त्या दिवशी बोलले असते तर एक वेळ निभावलं असतं, असं त्यांना नंतर वाटायचं.

घरी परतल्यावर मेहुण्याने तो फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला आणि बैठकीच्या खोलीत स्वतः खिळा ठोकून लावला. फेसाळ पाणी, मधोमध सर अर्धे बाहेर, तोंड वासलेलं, एक हात दोरीवर. खाली पिवळ्या हेल्मेटचा तुकडा आणि तिच्या खांद्यावर सरांची मूठ. येणारा-जाणारा त्याच्यापुढे थांबायचा. फोटो खोटं बोलत नाही म्हणतात, पण लोक त्याच्याकडून काय हवं ते वदवून घेतात. फेसाच्या कडेला, हेल्मेटच्या वर, सरांचा गुडघा स्वच्छ दिसत होता. तो गुडघा एकट्या सरांना दिसायचा. ते हळूहळू त्या खोलीत पाठ फिरवून बसायला लागले, पेपर वाचायचा तरी खुर्ची वळवून.

तलावावर तर पंचाईतच झाली. उन्हाळी वर्ग सुरू झाले. चाळीस पोरं ओळीने उभी राहून ओरडली, "बुडणाऱ्याला हात देऊ नये, काठी द्यावी." मग सरांचं ठरलेलं वाक्य यायचं होतं. "बुडणारा माणूस," सर म्हणाले, आणि पुढचं येईना. एका मुलीची आई कट्ट्यावरून कौतुकाने म्हणाली, "पण सर, तुम्ही स्वतः तर हात दिलात, तो फोटो बघितला आम्ही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी शिट्टी वाजवून पोरांना पाण्यात लोटलं आणि औषधांच्या खोलीत जाऊन बराच वेळ डबे इकडचे तिकडे केले. त्या वर्षी जाड्या मुलाचा विनोद झाला नाही. जुन्या पालकांना वाटलं, सरांचं वय झालं.

आणि मग एका सोमवारी जेवताना बायको म्हणाली, "मंगळवारी मला सुट्टी असते. अकराला तुमचा तलाव रिकामा होतो. मला शिकवा."

"आता? या वयात?"

"आता भीती गेली माझी," ती म्हणाली. "तिथे सगळ्यात वाईट झालं ते होऊन गेलं, आणि तुमचे हात होते. अजून काय व्हायचंय?"

नाही म्हणायला सरांकडे कारण नव्हतं. होतं, पण ते सांगण्यासारखं असतं तर रडगाणं कसलं होतं.

मंगळवारी अकराला ती आली. नवा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा काढून कठड्यावर नीट घडी करून ठेवलेला. पाण्यावर ऊन पडलं होतं आणि छताला त्याच्या रेघा हलत होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी कठडा न सोडणारी ही बाई पायऱ्या उतरून सरळ छातीइतक्या पाण्यात येऊन उभी राहिली. सरांनी तिला पाठीवर पडायला सांगितलं. एक तळहात मानेखाली, एक कमरेखाली. ती पडली. अंग सैल सोडलं. कोणाचंही अंग पहिल्या दिवशी असं सैल सुटत नाही. माणसं लाकडासारखी ताठतात, मान आवळतात. सरांनी हजारो माणसं तळहातावर घेतली होती आणि इतका भरवसा त्यांच्या हातावर आजवर कोणी टाकला नव्हता. तिचं वजनच लागत नव्हतं. डोळे मिटून ती म्हणाली, "एक हात खांद्यावर ठेवा ना. तिथे होता तसा."

सरांचा हात तिच्या खांद्यापर्यंत गेला आणि झटकन मागे आला. पाण्यावर बारीक वलयं उठली. तिला ती जाणवली असणार, कारण तिने डोळे उघडले.

"उभी राहा," सर म्हणाले.

"का? चुकलं काही?"

"उभी राहा, मग सांगतो."

ती उभी राहिली. समोर तिला काय दिसत होतं, तर नवऱ्याच्या आकाराचा एक डाग. कदाचित म्हणूनच सरांना बोलता आलं. "मी तुला धरलं नव्हतं," ते म्हणाले. "मी तुझ्यावर चढलो होतो. जॅकेटचे पट्टे मीच सैल केले होते, त्या मुलीने आवळलेले. मी बुडत होतो. हाताला तू लागलीस, तर तुला खाली दाबून मी श्वास घेतला. तो फोटोत जो आहे तो माझा गुडघा आहे, तुझ्या डोक्यावर."

ती ऐकत होती. छतावरच्या रेघा हळूहळू थांबल्या.

"तुम्हाला कळलं नसेल मी आहे ते," ती म्हणाली. अजूनही त्यांनाच वाट काढून देत होती ती.

इथे सरांना सुटता आलं असतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. "पहिल्यांदा नाही कळलं," ते म्हणाले. "मग कळलं. कळल्यावरही मी एक श्वास घेतला."

मग ती वळली, पाण्यातून चालत कठड्यापर्यंत गेली, चाचपून चष्मा शोधला, पुसला, घातला आणि सरांकडे बघितलं. दुकानात चष्मा बसवताना गिऱ्हाइकाकडे बघते तसं, काय वाकडं आहे ते शोधत. सरांना मान वर ठेवणं अशक्य झालं. वाटलं, शिव्या दे, ओरड, भावाला फोन लाव. तिने यातलं काही केलं नाही.

"मी तेव्हा हातपाय मारणं थांबवलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर."

"हो."

"नसतं थांबवलं तर?"

ती कपडे बदलून निघून गेली.

घरी तिने फोटो खाली काढला होता. मांडीवर घेऊन, खिडकीपाशी, बोटाने फेसाची कड धरून ती बघत होती. "दिसतो," म्हणाली, "हा गुडघा. एवढे दिवस मी याला दगड समजत होते." सरांना वाटलं, आता हा माळ्यावर जाणार. पण तिने फ्रेम उचलली आणि परत त्याच खिळ्याला लावली, सरळ आहे ना ते लांब जाऊन बघितलं. "राहू दे. भावाला वाईट वाटेल," एवढंच म्हणाली. भावाला तिने कधी काही सांगितलं नाही. कोणालाच नाही. सरांना ते सगळ्यात जड गेलं, कारण मान खाली घालायची तर ती एकाच माणसापुढे, रोज, स्वतःच्या घरात घालायची होती.

पुढच्या मंगळवारी ती येईल असं सरांना वाटलं नव्हतं. ती बरोबर अकराला आली.

"मला शिकायचंच आहे," ती म्हणाली. "आता तर शिकायलाच हवं. पण तुम्ही पाण्यात उतरू नका. काठावरून सांगा."

तळहात न लावता सरांनी आजवर कोणाला शिकवलं नव्हतं. तोंडाने शिकवायचं म्हणजे प्रत्येक गोष्ट शब्दांत सांगायची. मान अशी, हनुवटी अशी, पोट वर, श्वास आत. सर काठावर उकिडवे बसून सांगत राहिले. ती चुकायची, पाणी गिळायची, कठडा धरून खोकायची. सरांचे हात आपोआप पुढे यायचे आणि सर ते मागे घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात ती एकटी तरंगली. अंग ताठ, ओठ घट्ट मिटलेले, पण तरंगली. पहिल्या दिवशीचं ते सैल सुटलेलं अंग पुन्हा कधी दिसलं नाही. सर कधी वैतागले नाहीत. जी सबुरी पंचवीस वर्षं तिच्या वाट्याला आली नव्हती ती आता सगळी आली, आणि तिने ती मुकाट्याने वापरली.

उन्हाळा संपता संपता एका मंगळवारी ती म्हणाली, "आज आडवा तलाव पार करते." सर पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहिले. ती निघाली. हात वेडेवाकडे पडत होते, पाय जास्तच आपटत होते, श्वास दर वेळी उशिरा. अर्ध्यावर थांबली, गटांगळी खाल्ली, परत निघाली. हळूहळू जवळ आली. शेवटच्या पाच फुटांवर तिचा दम संपला. सरांना ते काठावरून कळलं. जागीच पाय मारत, धापा टाकत ती कशीबशी तोंड वर ठेवून होती.

सर गुडघ्यांवर बसले, वाकले आणि हात पुढे केला. पूर्ण लांब, बोटं ताणून. तिच्या बोटांत आणि त्यांच्या बोटांत वीतभर अंतर होतं. तिने डोळे बारीक करून तो हात बघितला. मग पाण्यातच पाय मारत ती थोडी मागे सरकली, हाताच्या टप्प्याबाहेर.

"हात नको," ती धापा टाकत म्हणाली. "काठी द्या."

सर उठले, भिंतीला टेकवलेली काठी घेऊन आले आणि तिचं टोक तिच्यापुढे धरलं.